मला परत भरती व्हायचंय

माझ्या डीडी-२१४ वर २७ क्रमांकाच्या चौकटीत ‘आरई-३’ छापलेलं आहे. अमेरिकेच्या सैन्यातून बाहेर पडताना हा कागद हातात मिळतो, आणि हा माणूस पुन्हा भरती होऊ शकतो का, याचं उत्तर त्या एका चौकटीत असतं. आरई-१ असेल तर परत यायला हरकत नाही. आरई-४ असेल तर विषय संपला. आरई-३ म्हणजे तसंच येता येणार नाही, पण वेव्हर, म्हणजे नियमातून खास सूट, मागता येईल. मी तो मागतेय. याबद्दल मराठीत लिहिलेलं मला कुठं काही सापडलं नाही. इथं वाढलेल्या मराठी मुलांमध्ये सैन्यात जाणारी थोडी असली तरी आहेत. त्यांचे आईबाप कुणाकुणाकडून नंबर मिळवून मला फोन करतात आणि जे विचारतात, ते सगळं एकदा नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

मी मूळची खटाव तालुक्यातली. आत्यानं भावासाठी केलेला ग्रीनकार्डाचा अर्ज बारा-तेरा वर्षांनी हलला, तेव्हा मी आठवीत होते. आम्ही जर्सी सिटीत आलो. पप्पा गोदामात रात्रपाळी करतात, आई एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटते. फौजेचं वेड माझ्यात आलं ते आजोबांकडून. आबा मराठा लाइट इन्फंट्रीतले, बेळगावला घडलेले. आमच्या भागात फौजी असणं ही नवलाची गोष्ट नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या तर नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे. लहानपणी मी आबांच्या पट्ट्याचं बक्कल ब्रासोनं घासून द्यायचे, आणि ‘मोठी झाल्यावर काय होणार’ या प्रश्नाला माझं उत्तर कधी बदललं नाही.

ग्रीनकार्डावर इथल्या आर्मीत शिपाई म्हणून भरती होता येतं. अधिकारी व्हायला मात्र नागरिकत्व लागतं. मला ६८-डब्ल्यू मिळालं, म्हणजे कॉम्बॅट मेडिक. आधी १० आठवड्यांचं बेसिक ट्रेनिंग, मग टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओच्या फोर्ट सॅम ह्यूस्टनला मेडिकचं शिक्षण. त्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत मी पोचलेच नाही.

बेसिकचा निम्मा काळ उलटून गेल्यावर उजव्या जांघेत दुखायला लागलं. पाठीवर रकसॅक, हातात रायफल, आणि उजवा पाय टेकला की आत खोल कुठंतरी कळ. दमलेला स्नायू चालता चालता मोकळा होतो. हे मात्र चालेन तसं वाढत होतं आणि रात्री कूस बदलतानाही जाणवत होतं. मी सिक कॉलला, म्हणजे आजारी पडलेल्यांच्या तपासणीला, गेले. सिक कॉलच्या रांगेत उभं राहणाऱ्याकडे बाकीचे कसे बघतात, हे ज्यांनी ट्रेनिंग केलंय त्यांना सांगायला नको. तरी गेले. एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही. ताज्या स्ट्रेस फ्रॅक्चरचं, म्हणजे सततच्या ताणानं हाडाला गेलेल्या चिरेचं, असंच असतं, सुरुवातीला एक्स-रेमध्ये ते बऱ्याचदा दिसतच नाही. कळ थांबेना म्हणून पुन्हा गेले, तेव्हा एमआरआय झाला आणि चीर सापडली.

जागा महत्त्वाची आहे म्हणून सांगते. मांडीच्या हाडाचं वरचं टोक म्हणजे एक गोळा, तो खुब्याच्या वाटीत बसतो. त्या गोळ्याच्या खाली हाडाची अरुंद मान असते. मानेच्या वरच्या, बाहेरच्या बाजूला चीर गेली असेल तर प्रत्येक पावलागणिक ती ताणली जाते आणि उघडत जाते. हाड सरकलं तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि विशीतच खुबा बदलायची वेळ येते. म्हणून तिथं बहुतेक वेळा स्क्रू घालतात. खालच्या, आतल्या बाजूला चीर असेल तर वजन पडल्यावर ती दाबली जाते. चीर लहान असेल तर कुबड्या आणि विश्रांती यांवर ती भरून येते. माझी आतल्या बाजूची होती. ऑपरेशन झालं नाही, अंगात लोखंड नाही. माझ्या आजच्या सगळ्या आशेचा पाया एवढाच आहे.

जखमी रिक्रूटांची वेगळी तुकडी असते. तिथं मी कुबड्यांवर राहिले, पाण्यात व्यायाम केला, फिजिओथेरपी केली. माझ्या प्लाटूनची परेड मी बाकावर बसून पाहिली. सोबतच्या मुली एकेक करून परत ट्रेनिंगला जात होत्या, काही घरी जात होत्या. माझ्या दुसऱ्या एमआरआयमध्ये हाडातली सूज उरलेलीच होती, आणि मला घरी पाठवायचं ठरलं.

डिस्चार्जच्या कागदावर कारण लिहिलं होतं ‘कंडिशन, नॉट अ डिसॅबिलिटी’, त्याचा कोड जेएफव्ही. आणि २४ क्रमांकाच्या चौकटीत, जिथं बाकीच्यांचं ‘ऑनरेबल’ असतं, तिथं ‘अनकॅरॅक्टराइज्ड’. पप्पांनी तो कागद हातात धरून किती वेळ वाचला. मग अगदी हळू आवाजात विचारलं, “काय केलंस गं तू?” मला तेव्हा बोलताच आलं नाही. आईबापांनो, हे नीट ऐका: नोकरीच्या अगदी सुरुवातीच्या काळात बाहेर पडणाऱ्याच्या सेवेला चांगलावाईट असा शेराच दिला जात नाही, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या मुलानं काही वाईट केलेलं नाही. हे पप्पांना समजावायला मला जे दिवस लागले, ते माझ्या दुखण्यापेक्षा कठीण गेले.

गावात तर आणखी वेगळं. आमच्याकडे ‘बोर्डआउट’, म्हणजे वैद्यकीय कारणावरून फौजेतून काढलेला, हा शब्द शाळेतल्या पोरालाही कळतो. बोर्डात बाहेर पडलेला माणूस परत युनिटला गेला असं कुणी पाहिलेलं नाही, त्यामुळं माझंही संपलं असंच सगळ्यांनी धरलं. एका काकूंनी ‘बरंच झालं, आता स्थळं बघायला मोकळे’ असं आईला फोनवर सांगितलं. आजी तेवढी वेगळी बोलली. “पाय शाबूत हाय न्हवं पोरी? मग रडतीस कशाला. आबा असता तर म्हनला असता, उठ.”

आबा आम्हाला मेजर जनरल इयान कार्डोझोंची गोष्ट सांगायचे. मूळचे मुंबईचे, गोरखा रायफल्सचे अधिकारी. १९७१ च्या युद्धात सिल्हेटच्या बाजूला सुरुंगावर पाय पडला, आणि चिंधड्या झालेला पाय त्यांनी खुकरीनं कापायला सांगितला आणि कुणी तयार होईना तेव्हा स्वतःच कापला. पुढं लाकडी पायावर त्यांना बटालियनची कमान, म्हणजे तिचं नेतृत्व, हवं होतं. नियम आडवे आले. शेवटी लष्करप्रमुख जनरल रैना त्यांना लडाखला घेऊन गेले, तिथं त्यांना बर्फातून चालताना स्वतः पाहिलं, आणि कमान दिली. लहानपणी मला या गोष्टीत खुकरीच आवडायची. आता मला जनरल रैना आवडतात. त्यांनी कागद बाजूला ठेवून माणसाला चालताना पाहिलं.

माझ्या बाबतीत कुणी पाहणार नाही. वेव्हरचं सगळ्यात अवघड अंग हेच आहे, आणि फोन करणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. रिक्रूटरला, म्हणजे भरती करून घेणाऱ्याला, मी पळून दाखवलं तरी त्याच्या हातात निर्णय नाही. मेप्स म्हणजे भरतीच्या तपासणी केंद्रातला डॉक्टर मला तपासेल, उकिडवी बसवून बदकासारखी चालवेल, पण तोही वेव्हर देत नाही; तो फक्त निकषात बसते की नाही ते नोंदवतो आणि फाइल पुढं जाते. केंटकीतल्या फोर्ट नॉक्सला आर्मीच्या भरती विभागाचं मुख्यालय आहे. तिथल्या वैद्यकीय विभागात बसलेला, मला कधीही न भेटणारा डॉक्टर माझे कागद वाचून मत देईल. मला त्याला फोन करता येत नाही, पत्र लिहिता येत नाही. उमेदवाराला स्वतःहून वेव्हरचा अर्जच करता येत नाही. तो रिक्रूटरमार्फतच जातो, आणि तेही त्या रिक्रूटरला तुमच्यासाठी खपायचं असेल तरच. म्हणजे माझं चालणं, धावणं, ओझं उचलणं हे सगळं कागदातून त्या डॉक्टरला दिसलं पाहिजे. हे कळलं त्या दिवसापासून माझी धडपड बदलली.

‘माझ्या रुग्णाला आता काही त्रास नाही’ अशी एका ओळीची चिठ्ठी कुठलाही भला डॉक्टर देईल. तिचा उपयोग शून्य. फोर्ट नॉक्सच्या डॉक्टरला हवं असतं ते असं: दुखापत कधी झाली, कुठल्या तपासणीत दिसली, उपचार काय झाला, पायावर पूर्ण वजन कधी टाकलं, खुबा दोन्ही बाजूंना किती अंश फिरतो, एका पायावर उड्या मारल्या तर दुखतं का, सध्या किती धावते, हालचालींवर काही बंधन आहे का. त्यासोबत नवा एमआरआय, हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन, रक्तातलं ड जीवनसत्त्व आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन. माझ्या ऑर्थोपेडिक बाईंनी हे सगळं एका पत्रात सविस्तर लिहिलं. मुळात त्या थोड्या साशंक होत्या, म्हणून त्यांनी मला जास्त कडक तपासलं, आणि त्यामुळंच ते पत्र भक्कम झालं असं मला वाटतं. विमा कंपनीनं एमआरआयला पैसे द्यायला नकार दिला, कारण दुखत नाही तर स्कॅन कशाला. ते पैसे मी स्वतः भरले.

पैसे होते, कारण मी आता रुग्णवाहिकेवर ईएमटी म्हणून, म्हणजे तातडीचे प्राथमिक उपचार करणारी म्हणून, काम करते. मेडिक व्हायचं होतं, तर आर्मी बोलावेल तेव्हा बोलावेल, शिक्षण थांबवायचं कशाला, म्हणून सर्टिफिकेट काढलं. जर्सी सिटीत जुन्या इमारती पुष्कळ, चौथ्या मजल्यापर्यंत लिफ्ट नाही. छातीत दुखणारा माणूस चौथ्याच मजल्यावर असतो. त्याला जिन्याच्या खुर्चीत बांधून दोघांनी वळणावळणानं खाली आणायचं. वरचा माणूस मागं झुकून वजन धरतो, खालचा उलटं उतरतो. मी बहुतेक वेळा खाली असते. माझ्या सुपरवायझरनं कंपनीच्या कागदावर लिहून दिलं की ही मुलगी पूर्ण शिफ्टमध्ये वजन उचलते आणि दुखण्यामुळं तिनं एकदाही काम सोडलेलं नाही. कुणी हे पत्र मागितलं नव्हतं. मी आपण होऊन जोडलं. मला कुणी जिना उतरताना पाहणार नसेल, तर ज्यानं पाहिलंय त्याचा शब्द तरी सोबत जाऊ दे.

ज्यांना हे करायचंय त्यांनी डीडी-२१४ ची ‘मेंबर-४’ प्रत काळजीनं ठेवा. छोट्या प्रतीत कोड आणि कारण छापलेलं नसतं आणि तिच्यावर कुणी पुढं हलत नाही. आणि ट्रेनिंगमधले वैद्यकीय कागद निघायच्या आधीच जमतील तेवढे मागून घ्या. नंतर सरकारी दप्तरातून मागवता येतात, पण वाट बघावी लागते.

आता लपवण्याबद्दल. हा प्रश्न मला हमखास येतो, कधी थेट, कधी आडून: सांगितलंच नाही तर? एक उत्तर सरळ आहे. २०२२ च्या मार्चपासून मेप्समध्ये ‘जेनेसिस’ ही वैद्यकीय नोंदींची संगणक प्रणाली आहे, आणि ती दवाखान्यांच्या देवाणघेवाणीतून जुने नागरी कागदही खेचून आणते. लपवलेलं सापडतं, आणि खोटं सांगून झालेली भरती हा गुन्हा आहे. पण समजा सापडत नसतं, तरीही मी सांगितलं असतं. कॉम्बॅट मेडिकचं काम म्हणजे पडलेल्या माणसाला ओढत आडोशाला नेणं. माझा खुबा तिथं दगा देणार असेल तर मरणार दुसराच कुणीतरी. त्या माणसाला मी ओळखतही नाही, आणि त्याचा माझ्या हाडावर हक्क आहे असं मला मनापासून वाटतं.

स्ट्रेस फ्रॅक्चर एकदाच झालेलं असेल आणि त्याला १२ महिने होऊन गेले असतील, तर निव्वळ त्या दुखण्यावरून दार बंद होत नाही. जुलै २०२५ मध्ये संरक्षण खात्यानं वेव्हरचे नियम आवळले, स्किझोफ्रेनिया, कंजेस्टिव्ह हार्ट फेल्युअर अशा काही आजारांना वेव्हर नाहीच असं ठरवलं. माझं दुखणं त्या यादीत नाही. पण मी एकदा आत जाऊन वैद्यकीय कारणानं बाहेर आलेली आहे, आणि माझ्या कागदावर आरई-३ आहे, त्यामुळं माझी फाइल वरपर्यंत जाणारच. एका ठिकाणी नकार आला तरी आर्मी, नौदल, हवाई दल, मरीन यांचे वेव्हर देणारे डॉक्टर वेगवेगळे असतात आणि आपापला निर्णय घेतात. नॅशनल गार्ड या राज्यांच्या राखीव दलाचा रस्ता पुन्हा निराळा. हे मला दोन रिक्रूटरांशी बोलूनही कळलं नव्हतं, तिसऱ्यानं सांगितलं.

व्हीए, म्हणजे माजी सैनिकांचं सरकारी खातं, त्याच्या पैशांबद्दलही बोलायला हवं, कारण त्यावरून मुलं घाबरतात. ट्रेनिंगमध्ये झालेल्या दुखापतीसाठी या खात्याकडे (व्हेटरन्स अफेअर्स) भरपाईचा दावा करता येतो, नोकरी काही महिन्यांची असली तरी आणि शेरा ‘अनकॅरॅक्टराइज्ड’ असला तरी. १० टक्के अपंगत्व मान्य झालं तर २०२५ मध्ये महिन्याला १७५.५१ डॉलर मिळत होते. एक रिक्रूटर मला कुजबुजत म्हणाला, “दावा अजिबात करू नकोस, फाइल खराब होईल.” माजी सैनिकांच्या एका संघटनेतल्या आजोबांनी उलट सांगितलं, “आज कर.” मी दावा केला नाही, पण रिक्रूटरच्या भीतीनं नाही. मला आज दुखत नाही. दुखत नसताना दुखतंय असं एका खात्याला सांगायचं आणि अगदी ठणठणीत आहे असं दुसऱ्या खात्याला, हे माझ्याच्यानं होणार नाही. ज्यांना दुखतं त्यांनी मात्र जरूर दावा करावा, आणि डिस्चार्जपासून वर्षाच्या आत करावा, म्हणजे पैसे डिस्चार्जच्या दुसऱ्या दिवसापासून धरले जातात. तो हक्क आहे, भीक नव्हे. पुढं परत भरती झालात तर सक्रिय नोकरीचा पगार आणि ही भरपाई दोन्ही एकदम घेता येत नाही, भरपाई थांबवावी लागते. अपंगत्वाचं रेटिंग (टक्केवारी) आहे म्हणून वेव्हर मागताच येत नाही असं मात्र नाही. पैशाच्या गरजेतल्या, लंगडणाऱ्या पोरांना कुणी दावा करू नका सांगतं तेव्हा माझा संताप होतो.

मुलींसाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे लिहिते, कारण घरात ती कुणी बोलत नाही. ट्रेनिंगमध्ये माझी पाळी थांबली होती. बऱ्याच जणींची थांबते, आणि तिथं ते सोयीचंच वाटतं. पुनर्वसनाच्या तुकडीतल्या डॉक्टरनं पहिला प्रश्न तोच विचारला. शरीर जेवढं खर्च करतंय तेवढं खात नसेल तर पाळी थांबते, इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडं कमजोर पडतात. जेवायला मिळणारा वेळ थोडा, भूक मेलेली, आणि माझं ड जीवनसत्त्व मुळातच कमी. क्रायटन विद्यापीठाच्या संशोधकांनी नौदलातल्या ५,२०१ महिला रिक्रूटांवर अभ्यास केला होता, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज २,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ड जीवनसत्त्व दिलेल्या मुलींमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चरचं प्रमाण २० टक्के कमी आढळलं. आर्मी आता रिक्रूटांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घातलेला एक बार खायला देते. आम्हालाही मिळायचा, आणि काही मुली वजन वाढेल म्हणून तो टाकून द्यायच्या. टाकू नका. भरतीच्या आधी वर्षभर रक्त तपासून घ्या, पाळीच्या तारखा लिहून ठेवा, थांबली तर सांगा. आईनं माझ्यासाठी नाचणीची भाकरी परत सुरू केली, तीळकूट रोज ताटात असतं, आणि माझे रक्ताचे आकडे आता जागेवर आहेत. डेक्साही चांगला आला.

धावण्याचं सांगायचं तर मी लिंकन पार्कमध्ये आधी नुसती चालले, मग मिनिटभर धावणं आणि मिनिटभर चालणं, असं करत करत महिन्यांनी वाढवलं. जून २०२५ पासून आर्मीची नवी चाचणी आहे, त्यात पाच प्रकार: डेडलिफ्ट, हात उचलून पुशअप, स्प्रिंट-ड्रॅग-कॅरी, प्लँक आणि दोन मैल धावणं. त्यातलं वजन ओढत न्यायचं अंग मला सगळ्यात आवडतं. जिन्यावरच्या कामानं ते सोपं केलंय.

“आपल्या सैन्यात तरी गेली असतीस, यांच्यासाठी कशाला मरायचं,” असं मला गावाकडून आणि इथल्या मंडळाच्या गणपतीतही ऐकावं लागतं. मी वाद घालत नाही, पण माझं म्हणणं इथं लिहिते. आबांच्याच रेजिमेंटच्या यशवंत घाडगेंना १९४४ मध्ये आणि नामदेव जाधवांना १९४५ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो इटलीत, इंग्रजांच्या झेंड्याखाली लढताना. आबा त्यांची नावं घेताना उभे राहायचे. भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात याच अमेरिकन आर्मीत होते, सन्मानानं बाहेर पडले, तरी १९२३ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांना नागरिक मानायला नकार दिला. १९३५ मध्ये माजी सैनिकांसाठी कायदा झाला तेव्हा कुठं पुढच्या वर्षी त्यांना नागरिकत्व मिळालं. माझ्यासोबतच्या काही ग्रीनकार्डवाल्या मुलींनी बेसिक पूर्ण करतानाच नागरिकत्वाची शपथ घेतली. मला ते नेहमीच्या पाच वर्षांच्या वाटेनं मिळालं, न्यूअर्कच्या कचेरीत, पप्पांच्या शेजारच्या खुर्चीवर. शपथेत या देशासाठी गरज पडल्यास शस्त्र उचलेन असं एक वाक्य आहे. मी ते म्हणताना मान खाली घातली नाही. जिथं माझे आईबाप राबतात, जिथं मी रोज कुणाच्या तरी आजीला खांद्यावर घेऊन जिना उतरते, त्या जागेसाठी उभं राहणं मला परकं वाटत नाही.

बेसिक पूर्ण न करता बाहेर पडलेल्याला आर्मी जवळजवळ नवीन रिक्रूटच धरते. म्हणजे वेव्हर मिळाला तरी मला पहिल्या दिवसापासून सगळं परत करायचंय: केस बांधणं, ओरडा, रांगा, तीच रकसॅक. आईला याचंच जास्त वाईट वाटतं. मला नाही वाटत. जे अर्धं राहिलं ते पुरं करायचं तर सुरुवातीपासूनच करावं.

फाइलमध्ये एक निवेदन जोडायचं असतं, काय झालं आणि आता काय स्थिती आहे ते आपल्या शब्दांत. मी ते आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत केलं. त्यात दुखापतीची तारीख, चिरेची बाजू, उपचार, आजची तब्येत, रुग्णवाहिकेचं काम एवढं आहे. शेवटी मी लिहिलं: ट्रेनिंगमध्ये जांघेत पुन्हा तसंच दुखायला लागलं तर मी त्याच दिवशी सिक कॉलला जाईन आणि सांगेन, मग त्याचा परिणाम काहीही होवो. माझ्या रिक्रूटरनं ते वाचून पेन त्या वाक्यावर टेकवला. तो भला माणूस आहे, माझ्यासाठी त्यानं पुष्कळ केलंय. म्हणाला, हे काढ. वाचणाऱ्याच्या मनात शंका येईल की हिला स्वतःलाच खात्री नाही. मी त्याला म्हटलं, सर, पहिल्या वेळी मी रांगेत उभी राहून सांगितलं म्हणून माझं हाड सरकलं नाही आणि आज मी इथं चालत आले. जो डॉक्टर हे वाक्य वाचून नकार देईल, त्याला मी काय लिहून पटवू शकणार होते? तो थोडा वेळ गप्प बसला, मग वाक्य तसंच ठेवून त्यानं पानं स्कॅन केली. मेप्सची तारीख पुढच्या महिन्यातली मिळालीय.